नळीवरची नक्षी वाचताना

जुन्या दुनळी बंदुकीच्या नळीवर कुरळ्या रेघा दिसल्या की पाहणारा लगेच म्हणतो, "दमास्कस!" हा शब्द बहुतेक वेळा चुकीचा नसतो, पण त्यातून हाती फारसं काही लागत नाही. दमास्कस, लॅमिनेटेड, ट्विस्ट, स्टब ट्विस्ट ही नावं नळ्या घडवणाऱ्यांनी, त्या विकणाऱ्यांनी आणि कॅटलॉग छापणाऱ्यांनी आपापल्या सोयीने वापरली. एकाच नळीला बेल्जियममध्ये एक नाव असे, तर अमेरिकेतल्या कारखान्याच्या यादीत दुसरं. म्हणून नावाचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी पट्टी शोधावी, मग कांबी मोजाव्यात, मग प्रत्येक कांबीच्या आतली रेघ बघावी. एवढं नीट झालं की नाव बहुतेक वेळा आपोआप समोर येतं. आलं नाही, तर निदान समोर काय आहे हे तरी नेमकं सांगता येतं.

त्यासाठी ही नळी बनली कशी, हे माहीत हवं. 19व्या शतकात या कामाची मोठी ठिकाणं म्हणजे बेल्जियमचं लिएज आणि इंग्लंडचं बर्मिंगहॅम. लिएजच्या नळ्या प्रत्यक्षात घडायच्या त्या शहराबाहेर, वेस्द्र नदीच्या खोऱ्यातल्या नेसोंव्हो, फ्रेपों, त्रूज अशा गावांत. तिथे घरोघरी भट्ट्या होत्या आणि घण चालवायला नदीचं पाणी होतं. लोखंड आणि पोलाद यांचे पातळ थर एकावर एक रचून त्यांची चवड करायची, ती तापवून ठोकून एकजीव करायची आणि ओढून लांब चौकोनी कांब काढायची. मग ही कांब लाल तापवायची, एक टोक पक्कं धरायचं आणि दुसरं फिरवत जायचं. पीळ बसला की आतले सपाट थर मळसूत्री होतात. अशा दोन, तीन, चार किंवा त्याहून जास्त पिळलेल्या कांबी शेजारी शेजारी ठेवून ठोकल्या की एक पट्टी तयार होते. ही पट्टी तापवून दांड्याभोवती गुंडाळायची, जखमेवर बोटाला पट्टी गुंडाळतात तशी, एका वेढ्याची कड दुसऱ्याला चिकटून. शेवटी सगळ्या कडा पुन्हा तापवून आणि ठोकून एकमेकींत जोडायच्या. मागच्या बाजूला, म्हणजे काडतूस बसतं तिथे, स्फोटाचा दाब सगळ्यात जास्त असतो. म्हणून तिथली पट्टी जाड आणि रुंद घ्यायची, तोंडाकडची पातळ आणि अरुंद. त्यानंतर आतून छिद्र साफ करायचं, बाहेरून कानशीने आकार द्यायचा. घडलेल्या मालातला मोठा भाग या घासकामात आणि भट्टीतल्या पापुद्र्यात जातो.

नक्षी ही अशी या बांधणीची आडवी चिरफाड असते. वरून कोरलेलं त्यात काहीच नसतं.

इथे एक गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे, कारण ओळखीतल्या बऱ्याच चुका तिच्यापाशी होतात. पिळलेल्या कांबीचं वरचं साल नुसतं साफ केलं, तर तिथे तिरप्या सरळ रेघाच दिसतात. कुरळ दिसत नाही. जसजसं घासत कांबीच्या गाभ्याकडे जावं, तसतशा त्या तिरप्या रेघा वाकायला लागतात. गाभ्याच्या जवळ त्या वळून एकेक गोलसर कुरळ होतात. म्हणजे कांब तीच आणि पीळ तोच असला, तरी कानशी किती खोल गेली यावर रूप बदलतं. एकाच नळीवर मागच्या टोकाला भरीव कुरळे आणि मध्यावर नुसत्या तिरप्या रेघा दिसल्या, तर दोन वेगळे माल जोडले असं लगेच ठरवू नये. तिथे घासकामाची खोली वेगळी असू शकते. दुरुस्तीत एखाद्या जागी खड्डा काढण्यासाठी जोरात घासलं असेल, तर तिथलं रूपही शेजारच्या भागाशी जुळत नाही. तो विसंगत डाग बघून नळीची भिंत तिथे पातळ झाली असावी अशी शंका घ्यावी. ही शंका अनेकदा खरी ठरते.

आता प्रकार. सगळ्यात साधा म्हणजे ट्विस्ट. यात कांबी पिळलेल्या नसतात. लोखंड-पोलादाचे थर पट्टीच्या लांबीने सरळ धावतात आणि पट्टीच फक्त नळीभोवती फिरलेली असते. त्यामुळे पूर्ण नळीवर एकमेकींना समांतर रेघा वेढे घेत जातात. कुठेही कुरळ नाही, फूल नाही. रेघा जाड आणि मोजक्या असतील तर माल स्वस्त. बारीक आणि एकसारख्या असतील तर काम चांगलं.

स्टब ट्विस्ट त्याच्या आधीचं, मुख्यतः इंग्रजी. घोड्याच्या नालांच्या जुन्या खिळ्यांचे तुकडे आणि बग्गीच्या स्प्रिंगचं पोलाद एकत्र ठोकून त्याची पट्टी करायची. खिळे लहान आणि असमान, त्यामुळे रेघा मधेच तुटलेल्या, ठिपकेदार, थोड्या ओबडधोबड दिसतात. पुढे यंत्रावर बनलेले नालखिळे आले, जुना माल मिळेनासा झाला आणि हा प्रकार मागे पडला. एखाद्या नंतरच्या नळीवर "स्टब" असं कोरलेलं असेल, तर ते नाव सवयीने राहिलं असण्याचीच शक्यता जास्त.

लॅमिनेटेड स्टील ओळखायला सगळ्यात अवघड. खऱ्या बर्मिंगहॅमच्या लॅमिनेटेडमध्ये पोलादाचे छोटे तुकडे भट्टीत वितळण्याच्या बेताला आणून त्यांचा गोळा करायचे, घणाखाली ठोकायचे, लाटून पट्ट्या काढायचे, कापून पुन्हा रचायचे आणि पुन्हा ठोकायचे. या पुन्हा पुन्हा दुमडण्याने थर बारीक होतात, पण हाताने रचलेल्या चवडीसारखे एकसारखे राहत नाहीत. म्हणून रेघा लहानमोठ्या, तुटक, जरा विखुरलेल्या. पीळ दिलेला असला तरी कुरळ स्पष्ट उमटत नाही, त्याची नुसती सावली दिसते. दमास्कसमध्ये डोळ्याला एक लय सापडते: इतक्या मिलिमीटरवर तोच आकार परत. लॅमिनेटेडमध्ये पट्टीची लय सापडते, पण पट्टीच्या आत तीच आकृती परत येत नाही. नवख्या माणसाने दोन्ही नमुने एका ठिकाणी शेजारी ठेवून बघावेत. शब्दांत हा फरक पोचायला वेळ लागतो.

इंग्रज बंदूककार विल्यम ग्रीनर आणि त्यांचा मुलगा डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी लॅमिनेटेडचा चांगलाच पुरस्कार केला होता. ते स्वतःच्या मालाचं समर्थन करत होते हे खरं. तरीही 1891 मध्ये बर्मिंगहॅम प्रूफ हाउसने, म्हणजे नळ्या दाबाखाली तपासून ठसा देणाऱ्या संस्थेने, जाहीर केलेल्या नळ्यांच्या मोठ्या चाचणीत इंग्रजी लॅमिनेटेड नळ्या अव्वल ठरल्या, एकसंध पोलादाच्या नळ्यांशी तुलना असतानाही. हे सांगायचं कारण इतकंच की, "जोडून केलेली नळी म्हणजे कमकुवत" हा आजचा समज त्या काळच्या चांगल्या मालाला लागू पडत नव्हता.

कुरळे दिसणारा नेहमीचा दमास्कस म्हणजे क्रोल. बेल्जियन वालून बोलीतला शब्द. पट्टीच्या रुंदीत कुरळ्यांच्या जितक्या ओळी, तितक्या कांबी. दोन कांबींचा माल ढोबळ, तीन-चार कांबींचा नेहमीचा चांगला, सहा कांबींचा बारीक आणि महाग. ओळी मोजायच्या तर आधी पट्टीची कड सापडायला हवी, आणि तीच भल्याभल्यांना सापडत नाही. कड म्हणजे वेढ्याला वेढा जिथे मिळाला ती बारीक रेघ. नळीचा घेर पट्टीच्या रुंदीच्या मानाने मोठा, त्यामुळे ही रेघ जवळजवळ आडवी, जरा कललेली जाते. नळीच्या लांबीच्या दिशेने कधीच जात नाही.

कड सापडवण्यासाठी एक खात्रीची युक्ती. शेजारशेजारच्या कांबी उलटसुलट पीळ देऊन लावतात, एक डावीकडे तर पुढची उजवीकडे. तीन कांबींच्या पट्टीत मधली उलटी, कडेच्या दोन्ही सारख्या. म्हणून जिथे एक वेढा संपून दुसरा सुरू होतो, तिथे एकाच दिशेचा पीळ असलेल्या दोन ओळी लागोपाठ येतात. उलटसुलट चाललेला क्रम तिथे मोडतो, आणि तीच कड. दोन किंवा चार कांबींच्या पट्टीत हा क्रम मोडत नाही, कारण एका बाजूची शेवटची कांब आणि दुसऱ्या बाजूची पहिली आपोआप उलट्या दिशेच्या असतात. तिथे भिंग लावून ती बारीक रेघच शोधावी लागते. मागच्या टोकाजवळ, जिथे पट्टी रुंद आहे, तिथून सुरुवात करावी. रुंदी मागे आणि तोंडाशी दोन्हीकडे मोजून लिहून ठेवावी. तोंडाकडे ती कमी यायला हवी.

बर्नार्ड नावाचा प्रकार पॅरिसचे नळीकार लेओपोल्द बर्नार्द यांच्या नावाने ओळखला जातो, पण त्या नावाच्या बऱ्याच नळ्या लिएजमध्येच झाल्या. यात कुरळ्यांऐवजी तिरप्या रेघा टोकाशी मिळून नागमोडी दिसतात. टर्किश, बॉस्टन, वॉशिंग्टन अशी कितीतरी आणखी नावं आहेत. ती पाठ करण्यापेक्षा पट्टीची रुंदी, कांबींची संख्या आणि प्रत्येक कांबीतली रेघ सरळ, तिरपी की कुरळी, हे तीन मुद्दे टिपून ठेवणं जास्त उपयोगी. लिएजच्या कारागिरांनी तर कांबी अशा रचल्या की नळीवर अक्षरंही उमटावीत. त्या नळ्या बघताना त्या हातांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. सगळ्यात आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करावी. मग नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्यात, फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग, काढावा. वरची बाजू हातांनी, म्यानाने, तेलाने आणि कधी पॉलिशने झिजलेली असते. खरी नक्षी टिकते ती फोरएंडखाली, दोन नळ्यांच्या मधल्या घळीत, रिबच्या (दोन नळ्यांना जोडणाऱ्या लांब धातूपट्टीच्या) टोकांशी आणि मागच्या सपाट भागांवर. नळीच्या तोंडाची कापलेली कडही बघावी. चांगल्या प्रकाशात तिथेही थर दिसतात आणि त्यांचं अस्तित्व हा फार भक्कम पुरावा आहे. दिवा समोरून धरू नये, बाजूने जवळजवळ नळीला टेकवून तिरपा धरावा. दहापट भिंग पुरतं. अॅसिटोनने एक छोटा भाग साफ करून त्यावर पातळ तेलाचा हात फिरवला तर पुसट नक्षीसुद्धा काही सेकंद उठून दिसते. बऱ्याच वेळा एवढ्यावरच काम होतं.

होत नसेल, तर फोरएंडखालच्या सेंटिमीटरभर जागेवर सौम्य एच करता येतो, म्हणजे रसायनाने धातूचा पृष्ठभाग किंचित खाऊ देता येतो. सर्किट बोर्ड बनवणारे वापरतात तेच फेरिक क्लोराइड घ्यावं आणि एका भागाला दहा भाग पाणी या प्रमाणात पातळ करावं. हातमोजे आणि चष्मा घालावा, जागा चिकटपट्टीने बांधून घ्यावी, अॅसिटोनने तेल पूर्ण काढावं. तेलाचा अंश राहिला तर एच ठिपक्याठिपक्यांनी लागतो आणि त्या ठिपक्यांनाच माणूस नक्षी समजून बसतो. कापसाच्या बोळ्याने पाच-दहा सेकंद फिरवावं, पुसावं, बघावं. लागलं तर पुन्हा. एकदम जास्त वेळ ठेवू नये. झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावं, कोरडं करावं आणि लगेच तेल लावावं. रिबच्या झाळणीजवळ द्रव जाऊ देऊ नये. लोखंड आणि पोलाद या द्रवाला वेगवेगळं उत्तर देतात, एक गडद होतं, दुसरं उजळ राहतं, म्हणून थर उघडे पडतात. जुनं ब्राउनिंग, म्हणजे मुद्दाम चढवलेला तपकिरी गंज, आणि बेल्जियन काळं-पांढरं फिनिश, दोन्हींची मदार याच फरकावर.

ब्राउनिंग पाठीवर शाबूत असलेल्या नळीवर एच करू नये, हे माझं ठाम मत. जुनं मूळ फिनिश एकदा गेलं की परत येत नाही, आणि नक्षीचं नाव कळण्यापेक्षा ते फिनिश जास्त मोलाचं.

नकली नक्षी हाही मोठा विषय आहे. स्वस्त बंदुकांच्या साध्या पोलादी नळ्यांवर दमास्कसचा भास होईल अशा रेघा आम्लाने किंवा छापून उमटवत. ओळखायच्या खुणा अशा. नक्षी फोरएंडखाली किंवा रिबच्या घळीत पोचताच थांबते. तोंडाच्या कापलेल्या कडेवर थर दिसत नाहीत. वेढ्याची कड कुठेही सापडत नाही, किंवा एकाच ठशाचा आकार अगदी हुबेहूब परत परत येतो. खऱ्या हाताच्या कामात दोन कुरळे कधीच तंतोतंत सारखे नसतात. आणि झिजलेल्या जागी ती पुसूनच जाते. खरी नक्षी झिजली तरी नव्याने उघडी पडते, कारण ती धातूच्या पोटात आहे. सगळ्यांचा मिळून विचार करावा, एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

उलट गोंधळही होतो. खरी दमास्कस नळी एखाद्याने आधुनिक निळ्या रंगात बुडवलेली असते. गरम अल्कली स्नानातून काढलेली ब्लूइंग नक्षी तर झाकतेच, पण नळ्या आणि रिब एकत्र धरणारी मऊ झाळणही खाते. अशा नळीला दोरीवर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकून बघावं. घट्ट असेल तर घंटेसारखा लांबत जाणारा आवाज येतो. सैल रिब कुरकुरते किंवा भद्द वाजते. स्लीव्ह केलेल्या नळ्याही असतात: मागचा दोन-तीन इंच भाग जुना ठेवून पुढे नव्या पोलादी नळ्या बसवलेल्या. नक्षी मागे आहे आणि एका गोल रेघेपुढे अचानक संपते, तर सांध्याकडे लक्ष द्यावं.

रिबवरचं नाव आणि नळीवरचे प्रूफ ठसे वाचताना एक गोष्ट पक्की धरावी: ठसा सांगतो की नळी कुठे तपासली, ती कुठे घडली हे सांगत नाही. इंग्रजी आणि अमेरिकी बंदुकांवर बेल्जियन नळ्या सर्रास बसत. पार्करसारख्या अमेरिकी कारखान्यांच्या महाग बंदुकांच्या नळ्यासुद्धा मोठ्या प्रमाणात लिएजहून यायच्या. 1914 च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्य लिएजवर आलं आणि हा पुरवठा कोसळला. एकसंध पोलादाच्या नळ्या तोवर चांगल्याच रुजल्या होत्या, आणि कुणी परत मागे वळून पाहिलं नाही. लिएजच्या ठशात लंबगोलात ELG ही अक्षरं असतात, वर मुकुट असेल तर ठसा 1893 नंतरचा. बर्मिंगहॅमच्या 1875 ते 1887 च्या चोक (तोंडाशी अरुंद केलेल्या) नळ्यांवर "नॉट फॉर बॉल", म्हणजे एकसंध गोळीसाठी नव्हे, असा मजकूर सापडतो, त्यातून काळ जवळपास नेमका बांधता येतो. 12 किंवा 13 असा आकडा असेल तर तो बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा: 12 म्हणजे 18.5 मिमी, 13 म्हणजे 18 मिमी.

आपल्याकडे अशा बंदुका येण्याचा मार्ग बहुधा कोलकात्यातून जातो. मँटन, रॉड्डा, लायन अँड लायन ही नावं रिबवर दिसतात. यातले बरेच विक्रेते होते, नळी घडवणारे नव्हेत, हे मनात ठेवलं की रिब वाचण्यात चूक होत नाही. शिवाय आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांच्या कितीतरी नळ्याही अशा पिळलेल्या-जोडलेल्या आहेत. त्यांना तलवारीच्या जौहराशी, म्हणजे पात्यावर दिसणाऱ्या लहरींशी, एकत्र बांधू नये. निजामाबादच्या कोनासमुद्रमसारख्या गावांत मुशीत वितळवून बनलेल्या उक्कू पोलादात ती आकृती धातूच्या आत, कार्बाइडच्या रांगांमुळे आपोआप उमटते. इथे आकृती घणाखाली जोडून आणलेली आहे. दोन्हींत देखणेपण सारखं असलं तरी रचना वेगळी. अशा कुठल्याही बंदुकीला हात लावण्याआधी परवान्याची कागदपत्रं बघावीत आणि कामाला परवानाधारक कारागीरच शोधावा.

शेवटी एक सूचना, नक्षी ओळखण्यापलीकडची. कोणतीही नक्षी नळी सुरक्षित असल्याचं सांगत नाही. काळ्या दारूची काजळी आतून गंज खाते, खड्डे पडतात. वारंवार घासल्याने भिंत पातळ होते. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, पूर्वी 65 मिमीचं असे, आजची नेहमीची काडतुसं 70 मिमीची असतात आणि लांबी वाढली की दाबही वाढतो. अनुभवी लोक नळीची भिंत कुठेही 0.5 मिमीच्या खाली गेलेली नको असा साधारण नियम पाळतात. ती मापकाने, मागपासून तोंडापर्यंत, चारही बाजूंनी मोजायची, डोळ्याने अंदाज करून नव्हे. नळीवर मधेमधे राखाडी ठिपके किंवा छोट्या रेघा दिसल्या तर त्या जोडकामात अडकलेल्या मळीच्या असू शकतात. पुष्कळ नळ्यांत त्या जन्मापासून असतात आणि निरुपद्रवी असतात. पण तिथून बारीक चीर निघाली आहे का, हे भिंगाखाली दोन्ही बाजूंनी बघावं. नंतर त्या ठिकाणचा फोटो मिलिमीटर पट्टीसकट काढून, पट्टीची रुंदी, कांबींची संख्या आणि ठशांचे आकडे यांच्यासोबत एकाच कागदावर लिहून बंदुकीच्या पेटीत ठेवावा.